पोट्टे मोबाईलात घुसले म्हणता, मग गावाचे फॉर्म कोण भरून राहिलं?

आमच्या गावात पानठेल्यावर चार माणसं जमली की दहा मिनिटात गोष्ट तिथंच येते. आजकालचे पोट्टे कामाचे नाही, दिवसभर मोबाईलात तोंड घालून बसतात, वावराकडं फिरकत नाही, बापाले पाण्याचा गिलास देत नाही. हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, शिकलेल्या, न शिकलेल्या, सगळ्यांच्या, की आता मला खरंच राग येते. म्हणून लिहून राहिली. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहते, आठवी ते दहावीच्या पोरापोरींची शिकवणी घेते आणि घरी कोरडवाहू शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन, सगळ्यांची असते तशी. म्हणजे ही पोरं मला रोज दिसतात, त्यांच्या घरचे लोक दिसतात, त्यांच्या हातातला फोन आणि त्याच्या स्क्रीनवर काय चालू आहे तेही दिसतं. रील्स असतात, नाही असं नाही. पण त्याच फोनवर दुसरं एक काम चालू असते जे पानठेल्यावरच्या कोणाच्या नजरेत येत नाही. २००५ नंतर जन्मलेली ही पोरं आपल्या घराचं, शेजाऱ्याचं आणि अर्ध्या गावाचं सरकारी काम मोबाईलवर ओढून राहिली आहेत, फुकट, आणि त्याची गिनती कोणी कामात करत नाही. निंदलं तर काम, ढोरं चारली तर काम, पण बापाची केवायसी केली तर ते म्हणे मोबाईल पाहणं.

शहरातले लोक डिजिटल पिढी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर जे असते तसं आमच्याकडं घडलंच नाही. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकानं २००१ मध्ये मांडलं होतं की कॉम्प्युटर, व्हिडिओ गेम, इंटरनेट यांच्यात वाढलेली मुलं म्हणजे या दुनियेतले मूळचे रहिवासी आणि मोठी माणसं म्हणजे बाहेरून येऊन राहिलेली, ती कितीही शिकली तरी त्यांचं बोलणं थोडं परकंच वाटणार. तिकडं असेल तसं. २००१ मध्ये आमच्याकडं स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता, पिवळ्या पाटीचा, पुण्या-मुंबईहून कोणाचा फोन आला की बूथवाला एखाद्या पोट्ट्याला पळवत घरी धाडायचा आणि समोरचा माणूस फोन ठेवून पुन्हा दहा मिनिटानं लावायचा. मग बटनाचे मोबाईल आले, तर लोडशेडिंग असं की बॅटरी संपली म्हणजे लाइन कधी येते याची वाट पाहत बसा. गाणी ऐकायची तर तालुक्याला जाऊन मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणायचं, दुकानवाला विचारायचा काय टाकू, भीमगीतं, भजनं, लग्नातली, की जुनी हिंदी, आणि तो टाकून देईल ते पुढचे सहा महिने सगळ्या घरानं ऐकायचं. एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये ब्लूटूथनं एक गाणं जायला एवढा वेळ लागे की दोघं जण बाजेवर फोन शेजारीशेजारी ठेवून जेवून यायचे. या काळात मी कॉलेजात होते, आणि आज जी पोरं माझ्याकडं शिकतात त्यातली काही तेव्हा रांगत होती, काही जन्मली पण नव्हती.

२०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, पुढच्या मार्चपर्यंत डेटा फुकट, आणि मध्येच ८ नोव्हेंबरला नोटबंदी, म्हणजे ऐन कापूस निघायच्या वेळी, व्यापाऱ्याकडं रोख नाही, तो चेक घे म्हणे आणि बँकेत लाइन. त्या हिवाळ्यात गावातल्या बऱ्याच घरात पहिला स्मार्टफोन आला. एका घरात एक. तो आज्यापासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातात एकाच वेळी पडला, आबाजी यूट्यूबवर कीर्तन पाहायला शिकले आणि नातू कार्टून, एकाच आठवड्यात, एकाच बाजेवर बसून. म्हणून ती मूळचे आणि बाहेरचे ही वाटणी आमच्या गावाला लागू होत नाही. आमच्याकडं सगळे एकाच एसटीतून उतरले, पोट्टे फक्त लवकर चालायले लागले.

आणि ते लवकर चालायले लागले म्हणून सगळं सामान त्यांच्या डोक्यावर दिलं गेलं.

कारण फोन घरात आला त्याच्या मागोमाग सरकारही फोनात आलं. आधी तलाठी, कृषी सहायक, सेतूवाला, बँकेतला बाबू ही माणसं होती, त्यांच्या मागं फिरावं लागे, हाजी हाजी करावी लागे, पण तोंडानं बोलून काम होत होतं. आता ॲप आहे, ओटीपी आहे, कॅप्चा आहे, सर्वर डाऊन आहे. पन्नाशीतल्या माणसाला व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवता येते, पण कॅप्चातलं वाकडं इंग्रजी अक्षर ओळखून तीस सेकंदात टाकणं त्याला जमत नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. मग तो हाक मारतो. कोणाला मारतो? घरातल्या चौदा-पंधरा वर्षाच्या पोराला नाहीतर पोरीला.

ई-पीक पाहणीचंच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही राज्यभर सुरू झाली. आधी सातबाऱ्यावर पीक तलाठी चढवायचा, आता शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून मोबाईलवर फोटो काढून चढवायचं. विचार चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही, आपल्या वावरात काय पेरलं ते आपणच सांगावं हे बरोबरच आहे. पण हे करते कोण ते पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या शिवारात या.

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या वावरातून परत येत होते तर शेजारच्या धुऱ्यावर माझ्या शिकवणीतली एक नववीतली पोरगी उभी. झिमझिम चालू होती. काळी माती चिकटून चपलेचं वजन किलोभर झालं म्हणून चपला एका हातात, दुसऱ्या हातात बापाचा फोन, पाणी लागू नये म्हणून पारदर्शक पन्नीत गुंडाळलेला, आणि ती पन्नीवरूनच बोट फिरवत होती. बाप बाजूला उभा. तिनं खाते नंबर निवडला, गट नंबर निवडला, खरीप टाकलं, मग बापाला विचारलं, "बाबा, पऱ्हाटीचे तास किती न् तुरीचे किती?" (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, तास म्हणजे पिकाची ओळ.) तो म्हणे, "आठाले एक धरली हाय, पन खालच्या कोपऱ्यात तूर बसलीच नाई, तिथं निस्ती पऱ्हाटीच हाय." तिनं त्या कोपऱ्याकडं पाहिलं, थोडा वेळ ओठ हलवत हिशोब केला, तासांवरून क्षेत्र काढलं, एकराचं हेक्टर-आरमध्ये केलं आणि कापूस वेगळा, तूर वेगळी असं दोन्ही क्षेत्र भरलं. हे गणित मी वर्गात फळ्यावर दिलं तर अर्धी पोरं पेन खाली ठेवतात. मग फोटो काढायला गेली तर ॲप म्हणे तुम्ही गटाच्या बाहेर आहात. म्हणून ती पऱ्हाटीत आत शिरली, कमरेपर्यंत ओली झाली, फोटो काढला, तर नेटवर्क नाही, अपलोड होईना. नाल्याच्या त्या बाजूला थोडी चढण आहे तिथं रेंज येते हे तिला माहीत होतं, तिकडं गेली, हात वर करून उभी राहिली आणि तिथं झालं अपलोड. तेवढ्यात खालच्या वावरातले काका ओरडले, "माय बी करून दे वो बाई, मायाकडून ते काही उघडूनच नाई राहिलं." तिनं त्यांचंही केलं, मग त्यांच्या भावाचं. दिवस बुडाला तेव्हा घरी गेली तर आजी म्हणे, इतक्या वेळची मोबाईल घेऊन कुठं फिरून राहिली होती.

आता या एका फोटोवर काय काय अवलंबून आहे ते पहा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली तर नुकसानभरपाईत अडचण, पीक विम्यात अडचण, हमीभावाच्या खरेदीत अडचण. २०२५ च्या हंगामात सीसीआयनं, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळानं, कपास किसान नावाचं ॲप आणलं, हमीभावानं कापूस द्यायचा तर त्यात आधी नोंदणी, जमिनीचे आणि पिकाचे कागद अपलोड, मग स्लॉट बुक करायचा, मग केंद्रावर गाडी न्यायची. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल, आणि बाहेर व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता, त्यात केंद्रानं ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलेलं. समजा व्यापारी सात हजार देतो म्हणे आणि घरात वीस क्विंटल कापूस आहे, तर फरक होते २२,२०० रुपयांचा. एका घराचे बावीस हजार रुपये ऑगस्टमध्ये पावसात उभं राहून काढलेल्या एका फोटोवर आणि नंतर ॲपात बरोबर भरलेल्या एका गट नंबरवर टांगलेले, आणि ते भरणारी पोरगी नववीत शिकते. चुकलं तर बाप कोणाला बोलणार ते सांगायची गरज नाही. बरोबर झालं तर मात्र कोणी काही बोलत नाही.

पीएम किसानचं पण तसंच. वर्षाचे ६,००० रुपये, दोन-दोन हजाराच्या तीन हप्त्यात, आणि त्याला ई-केवायसी लागते. अंगठा लावायला केंद्रावर जा तर म्हाताऱ्या माणसांचे अंगठे येतच नाही, जन्मभर विळा-पाभर धरून आणि कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या आहेत. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये ॲपात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, चांगली सोय आहे. पण कॅमेऱ्यासमोर बसून डोळे मिचकवावे लागतात. आमच्या गल्लीतल्या एका आबाजीची केवायसी त्यांचा नातू करत होता ते मी पाहिलं आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मिचकव म्हटलं की आबाजी दोन्ही डोळे गच्च बंद करून घ्यायचे, आणि मग उघडायलाच तयार नाही. "आबाजी, डोये गच्च नोका लावू, निस्ते मिचकवा." "अरे मिचकून त राहिलो." मग पोट्ट्यानं युक्ती केली, फोन एका हातात सरळ धरला आणि दुसऱ्या हातानं आबाजीच्या चेहऱ्यासमोर हळूच चुटकी वाजवली, डोळे आपोआप लवले आणि झालं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची केवायसी त्याच्याकडंच यायला लागली, आणि तो कोणाकडून एक रुपया घेत नव्हता, दुकानात त्याचेच पैसे लागतात.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुटले तेव्हा तर आमच्याकडं पोरांना शाळेतून आलं की दप्तर ठेवायला फुरसत नव्हती. महिन्याचे १,५०० रुपये म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाईसाठी किती मोठी गोष्ट आहे हे ज्याचं घर त्यावर चालते त्यालाच माहीत. आधार कोणत्या नंबरला लिंक आहे, खातं आधारला जोडलेलं आहे का, नाव आधारवर वेगळं आणि पासबुकावर वेगळं, लिंक असलेलं सिम दोन वर्षाआधीच बंद पडलेलं, हे सगळं सोडवणारी ही पोरंच होती. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली, त्यात बाईच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी कोणाच्या लेखात वाचली नाही. पंधरा वर्षाच्या पोराला समोर बसलेल्या काकूला विचारावं लागते की काकाचा आधार नंबर द्या, आणि काकू खाली पाहते, कारण काका आठ वर्षाआधीच घर सोडून गेलेला आहे आणि त्याचा नंबर कोणाजवळच नाही. गावाला हे माहीत असते पण कोणी बोलत नाही, आणि त्या पोराला ते रकान्यातून कळते. कोणाच्या खात्यात किती पैसे आहेत, कोणाचं कर्ज थकलं आहे, कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढलं, कोणाची सून माहेरी आहे, हे सगळं या पोरांना दिसते. आणि मी आजपर्यंत यातली एक गोष्ट यांच्या तोंडून बाहेर पडलेली ऐकली नाही. माझ्या शिकवणीतल्या एका पोराला मी सहज विचारलं, अरे इतक्या लोकांचं करतो, काही अडचण येते का, तर म्हणे, "मॅडम, कोनाचं सांगत नसतो मी. मायच म्हने का बा दुसऱ्याच्या घरचं असते ते, तिथंच इसरून यायचं." या पोरावर बिघडल्याचा शिक्का मारणाऱ्या माणसानं एकदा त्याच्यासमोर बसून पाहावं.

आता पोरींबद्दल, आणि इथं माझा राग जास्त आहे. फॉर्म भरायला पोरगी चालते, पण फोन तिचा नसते. २०२३ च्या असर अहवालात (ग्रामीण शिक्षणाचा सर्व्हे) खेड्यातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं, तर ज्यांना स्मार्टफोन वापरता येते त्यांच्यापैकी मुलांमध्ये ४३.७ टक्के जणांकडं स्वतःचा फोन होता आणि मुलींमध्ये १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. आमच्या गावात हे पाहायला सर्व्हे लागत नाही. लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला तेव्हा घरातला एकच फोन सकाळी बापासोबत वावरात जायचा, संध्याकाळी परत आला की आधी मोठ्या भावाला, आणि पोरीला मिळायचा तेव्हा एक तर डेटा संपलेला नाहीतर बॅटरी. कित्येक पोरींचं ते वर्ष तसंच गेलं आणि काहींची शाळा तिथंच सुटली, सुटली ती सुटलीच, लग्न झाली त्यांची. ज्या टिकल्या त्यांच्या हातात फोन दिसला की पहिला प्रश्न, कोणाशी बोलून राहिली. "पोरीच्या जातीले फोन कायले पायजे" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी तिलाच म्हणते की हे ओटीपी काय आलं पाहून दे. तिच्या हातावर घराचा एवढा भरवसा आहे तर फोनवरही असू द्या ना. एवढंच मागणं आहे, फार मोठं नाही.

पण या पोरांना सगळं येते असं म्हणून हात झटकायचे नाहीत, तेही मला मान्य नाही. जे बोटानं होते ते त्यांना येते, पण जे कॉम्प्युटरवर होते ते त्यांना कोणी दाखवलंच नाही. अमेरिकेत एस्टर हार्गिताई नावाच्या संशोधक बाईनं कॉलेजच्या मुलांवर अभ्यास करून २०१० मध्ये दाखवलं होतं की इंटरनेटवरचं कौशल्य एकाच वयाच्या मुलांमध्ये सुद्धा सारखं नसते, घरची परिस्थिती आणि आईबापाचं शिक्षण जसं तसं ते बदलते. मला हे वाचायच्या आधीपासून रोज दिसते. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, आधी हे मोठ्या शहरांपुरतं होतं. आमच्याकडचा पोरगा, ज्याला तालुक्याच्या एका कॉलेजात जायचं आहे आणि ते कॉलेजही त्याला ओळखते, त्यालाही आता लॉगिन, पासवर्ड, पसंतीक्रम. पहिल्याच दिवशी साईट बसली. मग चालू झाली तर फोनच्या स्क्रीनवर अर्धा फॉर्म दिसे, अर्धा नाही. दाखला अमुक केबीच्या आत पाहिजे, फोटो अमुक केबीत पाहिजे, पीडीएफ पाहिजे. माझ्याकडं आलेल्या हुशार हुशार पोरांना फाईल कुठं सेव्ह झाली ते सापडत नव्हतं, कारण फोनमध्ये सगळं गॅलरीत दिसते, फोल्डर ही गोष्ट त्यांनी पाहिलीच नाही. ईमेल आयडी सगळ्यांचा आहे, फोन घेताना दुकानवाल्यानं काढून दिलेला, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. शेवटी तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर गर्दी आणि तिथं फॉर्ममागं पैसे, वर दिवसाची मजुरी बुडवून बाप सोबत.

आणि मग बारावीनंतर एमएचटी-सीईटी, इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाची परीक्षा, ती तर कॉम्प्युटरवरच असते. ज्या पोरानं माऊस हातात धरला नाही तो यवतमाळला किंवा अमरावतीला सेंटरवर जाऊन पहिल्यांदा माऊस धरते आणि त्याच तासात त्याला फिजिक्सचे प्रश्न सोडवायचे असतात. सरकारी भरतीचं तेच, २०२३ ची तलाठी भरती झाली, साडेचार हजारांवर जागा आणि दहा लाखांवर अर्ज, परीक्षा कॉम्प्युटरवर. क्लार्क-टायपिस्टला मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द लागते, ही पोरं फोनवर 'काय करून राहिला' हे इंग्रजी अक्षरात इतक्या वेगानं लिहितात की बोटं दिसत नाही, पण मराठी कीबोर्डवर 'क' कुठं आहे ते त्यांना शोधावं लागते. पाच-सहा महिन्याचा टायपिंगचा क्लास म्हणजे तालुक्याला रोज जाणंयेणं आणि फी, ते ज्याला परवडते तो करते. बुद्धीत काही कमी नाही. मशीनच समोर आली नाही.

गावागावात आता दुसरा उपाय सुचून राहिला आहे तो म्हणजे बंदी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं ठराव घेतला की १८ वर्षाखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही, पेपरात मोठी बातमी आली होती. त्यामागची काळजी मला समजते, लॉकडाऊननंतर पोरं खरंच रात्र रात्र जागायला लागली होती, गेमात पैसे घालणारी पोरं मी पण पाहिली आहेत, एका घरात तर तुरीचे आलेले पैसे असे गेले की बापानं आठ दिवस कोणाशी बोलणं सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं कायदा करून बंदी आणली ते बरंच झालं, उशिरा झालं. पण पोरांच्या हातातून फोनच काढून घ्यायचा तर मग पीक पाहणी कोण करणार, हा प्रश्न ठरावात कोणी लिहीत नाही. त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं जे केलं ते मला जास्त पटते, तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजते आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांचे पण आणि मोठ्यांचे पण. हे मोठ्यांचे पण महत्त्वाचं. आमच्याकडं रात्री अकराला कोणाच्या घरात रील्सचा आवाज येते ते ऐकत जा, बरेचदा तो बापाच्या फोनचा असते.

फसवणुकीचंही तेच. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं, आरटीओ चलानच्या नावानं एपीके फाईल, म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल येते, दाबली की फोनातले मेसेज दुसरीकडं जातात आणि खातं साफ. आमच्या गल्लीत अशी फाईल गावच्या ग्रुपवर एका शिकलेल्या मोठ्या माणसाच्या फोनवरून पुढं आली होती, आणि पहिला आवाज उठवणारा दहावीतला पोरगा होता, त्यानं लगेच व्हॉइस मेसेज टाकला की कोणी दाबू नका, ज्यानं दाबलं असेल त्यानं नेट बंद करा आणि १९३० वर फोन लावा. हा १९३० नंबर सायबर फसवणुकीसाठी आहे हे गावात किती मोठ्या माणसांना माहीत होतं? पैसे गेल्या गेल्या लावला तर पुढं जाण्याआधी अडवता येतात, उशीर झाला की हातचे गेले. लिहून ठेवा हा नंबर.

२०१६ मध्येच मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल व्हिलेज म्हणून जाहीर झालं होतं, वायफाय, टेलिमेडिसिन, सगळी चर्चा झाली. तेव्हापासून कोणतीही डिजिटल गावाची गोष्ट निघाली की टॉवर किती, फायबर कुठपर्यंत आलं, ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हे मोजतात. फायबर आमच्या ग्रामपंचायतीपर्यंतही आलेलं आहे. पण ते ॲप कोणाच्या बोटानं चालते, त्या बोटाचं वय किती आणि त्याला त्या दिवशी अभ्यास होता की नाही, हे कुठल्याच रकान्यात नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी ग्रामपंचायतीत बोलणं लावलं आहे. समाजमंदिराच्या बाजूची खोली रिकामी आहे, तिथं फायबरची लाइन ओढता येते, दोन जुने डेस्कटॉप मिळायची आशा आहे, मराठी अक्षरांचे कीबोर्ड आणि एक प्रिंटर लागेल. माऊस धरणं, फाईल सेव्ह करणं, पीडीएफ लहान करणं, मराठी टायपिंग, आपला ईमेल आपण उघडणं, एवढंच शिकवायचं आधी. आणि गावकऱ्यांच्या फॉर्मसाठी हंगामात आठवड्यातले दोन दिवस ठरवायचे, त्या दिवशी जो पोरगा किंवा पोरगी बसेल त्याला ग्रामपंचायतीनं फॉर्ममागं काहीतरी मानधन द्यावं असं मी मांडलं आहे, यावर एक-दोन सदस्य नाराज आहेत, म्हणतात घरच्या कामाचे कुठं पैसे असतात. बोलणं चालू आहे, मी सोडणार नाही. कोणाकडं चालू स्थितीतला जुना कॉम्प्युटर पडून असेल तर आपल्या गावात असंच काही सुरू करा, आमच्यासाठी थांबू नका. मुलींची वेळ आम्ही चार ते सहा ठेवतो आहोत, म्हणजे अंधार पडते हे कारण घरी कोणाला सांगता येणार नाही.